दिवेलागणीचं यीस्ट

चोआ चू कांग, सिंगापूर
२ जून २०२४

सरोजिनी वन्संना प्रेमाचा नमस्कार.

माझा आवाज पुन्हा कानावर पडू देणार नाही, असं तुम्ही आमच्या लग्नाच्या मांडवात म्हणाला होतात. बरं. आवाज पाठवत नाही. कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. तुमच्या बेकरीच्या नानकटाईबद्दल मी बोलले ते बोलले. कडक होती म्हणून कडक म्हटलं. तो विषय आता नको, काम वेगळं आहे.

काम तुमच्या भावाचं आहे. जानेवारीत जहाजावरून उतरले, आता रिटायर झालो म्हणाले. मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी एकटीच जेवले. मागच्या खेपेला ह्यांनी इंजिनरूमच्या जिन्यावरून पडून दोन बरगड्या मोडून घेतल्या होत्या, तेव्हा मी म्हटलं पुरे. पण घरात बसून करणार काय? दोन महिने नळ दुरुस्त केले. चांगले होते तेही केले. मग बिअर करायचं खूळ घेतलं. साधी नाही, काळी आणि कडक. कोणत्या तरी बंदरात कधी प्यायले होते, तशीच पाहिजे.

ती काही जमत नाही. मोड आलेल्या जवाचं माल्ट उकळायचं, बादलीत ओतायचं, गार झालं की यीस्ट टाकायचं. ते यीस्ट साखर खातं आणि त्याची दारू करतं, असं हे सांगतात. पण कडक बिअरमध्ये अर्ध्या वाटेत दारू इतकी वाढते की यीस्टच मरतं. खाली राहतो काळा गोड काढा. दुसऱ्या खेपेला दुसरं पाकीट आणलं. त्याला म्हणे गार हवा लागते. म्हणून बादली आमच्या बेडरूममध्ये एसीत ठेवली. वन्सं, गेले तीन आठवडे बादली पलंगाशेजारी निजते आणि मी हॉलमध्ये सोफ्यावर.

मी हसले असते. पण जहाजाच्या एजंटचा फोन येतो आहे. जुनं जहाज, नऊ महिने. हे त्याला म्हणाले, ऑगस्टपर्यंत थांब. मला म्हणाले, "तोवर एक धड बिअर जमली नाही तर जातो. इंजिन तरी मला जमतं." मला त्यांना जाऊ द्यायचं नाही. तुम्ही रोज पावाला यीस्ट घालता. कोणतं घातलं म्हणजे मरत नाही ते कळवा.

प्रेमा

*

लांजा
६ जून २०२४

चि. सौ. प्रेमास सरोजिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर बघून आधी वाटलं, कुणा लहान मुलाने लिहिलंय. मग मजकूर वाचला आणि खात्री पटली की तुझंच आहे.

आमच्या घराण्यात दारूला कुणी शिवलेलं नाही. माझा पांडू इतका गुणी, आईच्या पाठीमागे पदर धरून चालणारा मुलगा. त्याच्यावर ही वेळ का आली हे मी विचारणार नाही. परक्या देशात बायकोने नवऱ्याकडे किती लक्ष द्यावं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. मी देवीला नारळ बोलले आहे, तुझ्या नावाचाही एक बोलले आहे.

आता यीस्ट. इथे आमचे श्रीनिवास रोज पहाटे दोन पोती मैदा भिजवतात, तेव्हा यीस्टमधलं मला कळतं. तुमचं यीस्ट मरतं कारण तुम्ही त्याचे लाड करता. एसी कशाला? यीस्टला ऊब लागते. साधं पावाचं यीस्ट आण, लिटिल इंडियात मिळत असेल. कोमट पाण्यात साखर घालून फुलव आणि सांगितलं असेल त्याच्या दुप्पट घाल. आमचा पाव बघ कसा टम्म फुगतो.

दारू करायला नव्हे, पांडू घरात राहावा म्हणून सांगते आहे. देवीला फरक कळतो.

नानकटाईचा विषय मीही काढणार नाही. ती त्या दिवशी सगळी संपली होती एवढंच सांगते.

सरोजिनी

*

चोआ चू कांग
५ जुलै २०२४

सरोजिनी वन्सं,

तुमचा पाव टम्म फुगतो ते आता मला माहीत आहे. तुम्ही सांगितलंत तसं दुप्पट घातलं. दुसऱ्या दिवशी बादलीचं झाकण कपाटाच्या वर सापडलं. काळा फेस पलंगावर, पडद्यावर, तुमच्या आईच्या फोटोवर. फोटो मी आधी पुसला, मग नवऱ्याला विचारलं कुठे लागलं का. उरलं ते हे प्यायले. म्हणाले, "ओल्या पावात बुडवलेला पाव." आणि एजंटचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

पण ऐका. आमच्याच मजल्यावर शेवटच्या दारात गोह राहतो. चिनी आहे, एकटा. आयुष्यभर बंदरात टगबोट चालवली. फेसाचा वास जिन्यापर्यंत गेला होता, तो विचारायला आला. बादली बघून आत येऊन बसला तो उठेचना. त्यालाही हेच खूळ. दोघांनी मिळून यीस्टवर जे भांडण केलं, मला वाटलं आता हाणामारी होते. हे म्हणतात यीस्ट कमी पडलं, तो म्हणतो यीस्ट चुकीचं. पाच महिन्यांत ह्यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. चहा दोनदा दिला.

मग गोहनेच यीस्ट आणलं. नॉर्वेच्या जहाजावरचा एक आचारी त्याच्या ओळखीचा आहे. त्यांच्याकडे खेड्यात शेतकरी बिअर घरी करतात आणि तळाचं यीस्ट वाळवून ठेवतात. आजीचं आईला, आईचं मुलीला. दिसायला वाळलेल्या पिठाची खपली. गोहने अर्धं ठेवलं, अर्धं ह्यांना दिलं. ह्या यीस्टला उकाडाच आवडतो, आणि कडक बिअरमध्ये मरतही नाही. म्हणजे सिंगापूरला राहायलाच जन्मलेलं. एसी बंद केला, बादली स्वयंपाकघरात ठेवली. झाकणातल्या नळीतून बुडबुड चालू आहे. मी माझ्या पलंगावर निजते.

आता रोज संध्याकाळी दोघे बादलीसमोर खुर्च्या टाकून बसतात आणि बुडबुडे ऐकतात. गोहची बादली अजून लागायची आहे. त्याला आधी आमची कशी होते ते बघायचंय. कार्ड टेबलावरून उचललं आहे. फाडलं नाही, ड्रॉवरमध्ये टाकलं.

तुमचं सांगणं ऐकून पडदे गेले, तरी राग नाही. आता काही नेमधर्म असेल तर सांगा. ह्या खेपेला मला काही चुकवायचं नाही.

प्रेमा

*

लांजा
१० जुलै २०२४

चि. सौ. प्रेमास आशीर्वाद.

आईच्या फोटोवर दारू उडाली हे वाचून मी दिवसभर जेवले नाही. संध्याकाळी थोडी खिचडी खाल्ली.

तू पहिल्यांदाच मला काही विचारलंस, म्हणून सांगते. हे जे नॉर्वेवाल्या बायकांनी आईकडून मुलीकडे दिलं, ते म्हणजे विरजणच. दुसरं काय? मग विरजणाचे नेम पाळ. विटाळाचा हात लावू नकोस. भांडं रिकामं करू नकोस, तळाशी थोडं ठेवायचंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिन्हीसांजेला दिवा लागला की विरजण घराबाहेर द्यायचं नाही. कोणी का मागेना. दूध, दही, मीठ, विरजण, दिवेलागणीला ह्यातलं काही दाराबाहेर गेलं की घरातली लक्ष्मी त्याच्या मागून जाते. तुझ्या घरातून जायचा धोका आहे तो माझा भाऊ. तेव्हा सांभाळ.

सांगितलेलं ऐकशील असं वाटत नाही, पण मी सांगायचं काम केलं.

सरोजिनी

*

चोआ चू कांग
७ ऑगस्ट २०२४

वन्सं,

ऐकलं. सत्तावीस वर्षांत एकदाच तुमचं ऐकलं आणि बघा काय झालं.

गेल्या आठवड्यात मी दिवा लावत होते. हे खाली कॉफी प्यायला गेले होते. दारात गोह उभा. हातात काचेची बरणी, धुऊन पुसून आणलेली. त्याचा फ्रिज बंद पडला, त्याच्या वाटणीचं यीस्ट खराब झालं, आपल्या बादलीच्या तळाचं चमचाभर मागायला आला होता. माल्ट उकळून ठेवलंय म्हणाला. माझ्या हातात पेटलेली काडी. डोळ्यासमोर तुमचं पत्र. आता इंग्रजीत हे सगळं कसं सांगायचं? मी म्हटलं, "नाऊ नो गिव्ह. लाइट टाइम."

तो वर ट्यूबलाइटकडे बघायला लागला.

मी म्हटलं, "गॉड लाइट. टुमॉरो मॉर्निंग कम."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बरणीकडे. "नेव्हर माइंड, लाह," म्हणाला आणि गेला. चप्पल न वाजवता गेला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

हे वर आले, मी सांगितलं. हे म्हणाले, "अगं, त्याने आणून दिलेलं यीस्ट, आणि त्यालाच नाही म्हणालीस?" मग जेवले नाहीत. सकाळी उठून बरणी भरून घेऊन गेले. गोहने दार उघडलं नाही. आत टीव्ही चालू होता. दुसऱ्या दिवशी पण तेच.

आता हे बादलीकडे बघत नाहीत. बिअर होत आली, बाटल्यांत भरायची तर भरत नाहीत. मी म्हटलं चांगली झाली असेल, भरा की. म्हणाले, "कुणाबरोबर पिऊ?" मी म्हटलं मी पिते. त्यावर हसलेसुद्धा नाहीत. वन्सं, मला आपलं वाटत होतं ह्यांना बिअर पाहिजे. ह्यांना भांडायला माणूस पाहिजे होता. इंजिनरूममध्ये होते तसे. मी भांडते ते ह्यांना चालत नाही, ते वेगळं असतं म्हणतात.

एजंटला फोन केला. तीस ऑगस्टला जहाज. बॅग माळ्यावरून काढली.

मग मी स्वतः गेले, भर सकाळी दहाला, बरणी घेऊन. माझ्यासाठी दार उघडलं. मी म्हटलं, "सॉरी. नाऊ मॉर्निंग. टेक." त्याने घेतली नाही. त्यांच्या चिनी पंचांगाचा सातवा महिना लागला आहे. ह्या महिन्यात त्यांचे मेलेले लोक वरून खाली येतात, ठिकठिकाणी उदबत्त्या आणि संत्री ठेवलेली आहेत, बिल्डिंगखाली कागद जाळतात. आपल्या पितृपक्षासारखंच. "सेव्हन्थ मंथ. कॅनॉट स्टार्ट न्यू थिंग," म्हणाला. नवीन काही सुरू करायचं नाही. सप्टेंबरमध्ये बघू.

माझा नेम एका संध्याकाळचा होता. ह्याचा महिन्याचा आहे. आणि जहाज तिसाला.

नेम तुम्ही सांगितलात, आता उपायही तुम्हीच सांगा.

प्रेमा

*

लांजा
१२ ऑगस्ट २०२४

प्रेमास आशीर्वाद.

तुझं पत्र श्रीनिवासांना वाचून दाखवलं. ते फार हसले. मग मी त्यांना गोठ्यात पाठवलं.

आता तू रागावशील, पण खरं ते लिहिते. दिवेलागणीला विरजण द्यावंच लागलं, तर त्यावर साखरेचे चार दाणे टाकायचे आणि द्यायचं. मग दोष नाही. लांज्यात सगळ्या तसंच करतात. हे तुला माहीत असेल असं मी धरून चालले. आमच्याकडूनही संध्याकाळी बायका यीस्ट नेतात, आम्ही देतो. धंद्याला तिन्हीसांज लावून बसलं तर बेकरी बंद करावी लागेल.

त्या माणसाचं मात्र मला पटलं. नेम पाळणारा दिसतो. त्याच्या नेमावर तू तोंड टाकू नकोस, तो मोडायलाही लावू नकोस. पांडू लहान असताना शेजारचा मुलगा त्याच्याशी बोलेनासा झाला, तर हा आठ दिवस अंथरुणात. शेवटी आई त्या मुलाच्या घरी गेली आणि नवीन काही बोललीच नाही. दोघांचा अर्धवट राहिलेला पतंग तेवढा नेऊन दिला, म्हणाली पुरा कर. आई हुशार होती. सुना तशा मिळत नाहीत.

माफी मागायची तुला सवय नाही हे मला माहीत आहे. पण तीस तारखेच्या आत काहीतरी कर. मलाही तो जायला नको आहे.

सरोजिनी

*

चोआ चू कांग
२४ ऑगस्ट २०२४

वन्सं,

साखरेचे चार दाणे. चार दाणे आधी लिहायला तुमच्या पेनातली शाई संपली होती का? जाऊ दे. सासूबाईंचा पतंग मात्र कामाला आला. दोन दिवस डोक्यात फिरत होता.

मंगळवारी हे जहाजाच्या मेडिकल तपासणीला गेले. मी बादली भाजीच्या ट्रॉलीवर चढवली, ओढणीने बांधली आणि गॅलरीतून ओढत गोहच्या दारात नेली. वाटेत समोरची मलाय बाई दार उघडून उभी राहिली. मी म्हटलं, "वॉटर." ती बादलीच्या वासाकडे बघत राहिली.

गोहने दार उघडलं. मी पाठ करून गेले होते. "दिस नॉट न्यू. दिस ओल्ड. जुलै ओल्ड. यू नो स्टार्ट. यू ओन्ली पुट मोअर." त्याच्याकडचं माल्ट त्याने आमच्याच बादलीत घालायचं. सुरू कुठे करतोय? चालू आहे ते पुढे चालवतोय. यीस्ट तळाशी आहेच, त्याला आणखी खायला मिळेल. बिअर आणखी कडक होईल. ह्यांना पाहिजे तशी.

गोहने झाकण उचलून वास घेतला. मग आत गेला. देव्हाऱ्यापुढे दोन लाकडाचे तुकडे जमिनीवर टाकले, ते कसे पडले ते वाकून बघितलं. परत उचलले, परत टाकले. मला वाटलं पहिल्यांदा देव नाही म्हणाला असावा. तिसऱ्यांदा टाकून बाहेर आला. "नॉट न्यू," म्हणाला. "कॅन."

मोठ्या पातेल्यात माल्ट गरम करायला ठेवलं. मी घरी येऊन चपात्या लाटायला घेतल्या. तेवढ्यात हे मेडिकलहून आले. स्वयंपाकघरात बादली नाही. मी म्हटलं, "गोहकडे आहे. माल्ट घालतोय."

"किती?"

"मला काय माहीत. पातेलंभर."

"गरम?"

"वाफ येत होती."

वन्सं, हे बूट न काढता पळाले. पायात बूट आणि वर मेडिकलची चिकटपट्टी दंडाला. मी लाटणं घेऊनच मागे गेले. हे दारातून ओरडताहेत, "स्टॉप, यू विल किल इट." गोह आतून ओरडतोय, "यू थिंक आय स्टुपिड, इझ इट?" माल्ट गार होईपर्यंत भांडले. एकाच वेळी सगळं घालायचं की थोडं थोडं, त्यावर पुन्हा भांडले. चपात्या मी तिकडेच नेऊन दिल्या. दोघांनी उभ्याने खाल्ल्या.

आता रोज थोडं थोडं घालतात. सकाळ-संध्याकाळ बादलीला कान लावतात. एजंटने काल तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा ह्यांनी उचलला. म्हणाले, "तिसाला जमणार नाही. प्रोसेस क्रिटिकल आहे." एजंटला वाटलं हॉस्पिटलमध्ये आहेत. त्याने लवकर बरे व्हा म्हटलं.

बॅग मी परत माळ्यावर टाकली. ह्यांनी विचारलं नाही.

प्रेमा

*

लांजा
२७ ऑगस्ट २०२४

प्रेमास आशीर्वाद.

दोन्ही नारळ फोडले. तुझ्या नावाचा नासका निघाला, म्हणून तिसरा फोडला. पांडूला सांग, राखीचं पाकीट उशिरा मिळेल. बिअर कशी झाली ते कळव. प्यायची नाही मला, नुसतं माहीत असलेलं बरं.

श्रीनिवास विचारतात की त्या खपलीतली थोडी पोस्टाने येते का. मी नाही विचारत.

सरोजिनी

*

चोआ चू कांग
१६ सप्टेंबर २०२४

वन्सं,

राखी मिळाली. खपली पाठवली आहे, दुपारी बारा वाजता, वर साखर टाकून. मुंग्या लागल्या तर श्रीनिवासभावजींनी मला बोलू नये.

आता मुख्य सांगते. हे कुणाला बोलायचं नाही, श्रीनिवासभावजींनासुद्धा नाही.

तुमच्या भावाचं नवीन ऐका. आधी म्हणत होते बिअर जमली नाही तर जहाजावर जातो. आता म्हणायला लागले, एकदा जमली की डोकं शांत होईल, मग नोव्हेंबरचं जहाज बघू. एजंट काही सोडत नाही. म्हणजे जमली तरी जाणार, नाही जमली तरी जाणार. जमता जमता राहते आहे तोवरच घरात.

काल बादली उघडली. दोघांनी छोट्या ग्लासात घेतली. वास घेतला, घोट घेतला. गोह म्हणाला, शेवटी यीस्ट दमलं. हे म्हणाले, यीस्ट उत्तम आहे, माल्ट जास्त झालं. तासभर तेच. मग दोघांचं एकमत झालं ते एकाच गोष्टीवर, की प्रेमाला विचारू. मी काही पीत नाही, मला ना ह्याची बाजू ना त्याची. मी जे म्हणेन ते शेवटचं.

मला बोलावलं. मी हात पुसून आले. ग्लासात काळं, वर बदामी फेस. दोघे समोर उभे. ह्यांच्या कपाळावर घाम. इतक्या वर्षांत माझं मत ऐकायला हे असे कधी उभे राहिले नव्हते.

मी नाक धरून घोट घेतला.

वन्सं, चांगली होती. आधी जळक्या गुळासारखी लागली, मग कॉफीसारखी. मग कानाच्या पाळ्यांपर्यंत ऊब आली. कडूही होती पण हवीशी कडू. मी दुसरा घोट घेतला, खात्री करायला. चांगलीच होती.

मग मी तोंड वाकडं केलं, ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं, "नाही. यीस्ट बदला."

गोहने मांडीवर थाप मारली. "सी? आय टोल्ड यू." हे खुर्चीत बसले. मला वाटलं आता वाईट वाटून घेतात. पण चष्मा लावला, वही ओढली आणि गोहला म्हणाले, "बेल्जियमचं एक आहे, त्याचं काय?" गोह म्हणाला त्याचं काय घेऊन बसलास. लागली परत.

मी विचारलं, ह्या बादलीचं काय करायचं? दोघांनी हात झटकला. म्हणून बाटल्यांत भरून कोठीच्या खोलीत तांदळामागे ठेवली आहे.

परवापासून आपला पितृपक्ष, म्हणजे नवीन बादली घटस्थापनेलाच लागेल. मग ती तयार व्हायला महिना-दीड महिना. मग ते मला विचारणार कशी झाली.

प्रेमा